आमची परीक्षा घ्या : एका गॅस शेगडी मेकॅनिकचं कौशल्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी : स्वयंपाकाचा गॅस पुरवणाऱ्या तेल कंपन्या, पाइप गॅस कंपन्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण.

महोदय,

माझ्या पाकिटात पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आहे. नाशिकच्या सोसायट्यांच्या गेटवर आजकाल तो मागतात. म्हणजे हा माणूस चोर नाही, एवढं सरकारने मला लिहून दिलेलं आहे. त्या दाखल्यावर मी लोकांच्या थेट स्वयंपाकघरात जातो, सिलिंडर बंद करतो, शेगडी उलटी करतो, गॅसचा कॉक खोलतो, परत बसवतो, पेटवून दाखवतो आणि निघतो. ते काम मला येतं का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. येतं, असं कोणी लिहूनही दिलेलं नाही.

हे पत्र त्यासाठी आहे. अनुदान, पेन्शन, कर्जमाफी यांपैकी काही मागायला मी बसलेलो नाही. (मिळालं तर नको म्हणणार नाही, पण तो विषय वेगळा.) आमची परीक्षा घ्या, पास होईल त्याला कार्ड द्या, आणि त्या कार्डाबरोबर एक छोटासा अधिकार द्या. तो कोणता, ते पुढे सांगतो.

मी निफाड तालुक्यातला. वडील पंपाचे स्टोव्ह दुरुस्त करायचे. चामड्याचा वॉशर, निपल, पिन, टाकीला डाग द्यायचं सामान, एवढ्यावर त्यांची पेटी भरायची. रेशनचं रॉकेल आटत गेलं तशी स्टोव्हची कामं संपली आणि त्याच पेटीत जेट, कॉक, ओ-रिंग, ग्रीसची डबी आली. दुकान तेव्हाही नव्हतं, आताही नाही. मोटारसायकलला मागे पेटी, पुढे भोंगा. पिंपळगाव, लासलगाव, चांदवडकडची गावं, मधूनच नाशिक शहर, आणि पावसाळा संपला की सावळघाट चढून पेठ, तिकडून हरसूल. हे काम कोणी शाळेत शिकवलं नाही. वडिलांनी जेवढं शिकवलं ते रॉकेलचं. गॅसचं मी एका जुन्या मेकॅनिकच्या मागे पेटी धरून शिकलो, आणि त्याला कोणी शिकवलं ते त्याने कधी सांगितलं नाही. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांचं असंच आहे.

घरात वायर ओढणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना असतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभा राहणारा अटेंडंट परीक्षा देऊन आलेला असतो. महापालिकेकडे परवानाधारक प्लंबरांची यादी असते. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला कंपनीचं ओळखपत्र असतं, हेही मला माहीत आहे. पण ती माणसं थोडी, त्यांच्या हद्दीतली कनेक्शनं भरमसाट, आणि गिझर किंवा हॉटेलच्या भट्टीला ती सहसा हात लावत नाहीत. राहिलेलं सगळं काम भोंगेवाले करतात. त्यांतले काही फार चांगले कारागीर आहेत. काहींच्या हातात पाना दिला तर मला भीती वाटते. गृहिणीला बाहेरून दोघं सारखेच दिसतात. हल्ली मोबाइलवरून बोलावलेली मुलं रंगीत टी-शर्ट घालून येतात. लोकांचा टी-शर्टवर विश्वास बसतो. मीही शिवून घेणार होतो. बायको म्हणाली, त्यापेक्षा दुचाकीचा विमा भरा.

कामाचं स्वरूप थोडं सांगतो, कारण परीक्षा कशाची घ्यायची ते त्यातूनच कळेल.

शेगडीत फिरणारे भाग फार नाहीत. रेग्युलेटरमधून गॅस नळीत येतो, नळीतून शेगडीच्या पाइपात, तिथून कॉकमधून जेटच्या बारीक भोकातून सुटतो, मिक्सिंग ट्यूबमध्ये हवा ओढून घेतो आणि बर्नरवर जळतो. ज्योत निळी म्हणजे हवा बरोबर. ज्योत पिवळी, भांडी काळी, म्हणजे हवा कुठेतरी अडली आहे: जेट तिरका बसलाय, ट्यूबमध्ये कोळ्याने जाळं केलंय, नाहीतर बर्नरच्या भोकांत दूध उतू जाऊन करपलंय. नॉब घट्ट झाला की लोक त्यात खोबरेल तेल सोडतात. दोन दिवस मऊ फिरतो. मग तेल कॉकमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि स्पिंडलच्या, म्हणजे नॉबमागच्या दांड्याच्या, कडेने गॅस झिरपायला लागतो. घरातल्या बाईला वास येतो तो रात्री, दारं-खिडक्या लावल्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून खालच्या फटीतून हवा जायला हवी, दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही करायचं नाही, आणि १९०६ या नंबरवर फोन करायचा. हे मी प्रत्येक घरात सांगतो. गळती शोधायला साबणाचा फेस लावायचा, काडी ओढायची नाही, हेही सांगतो. आणि तरीही काडी ओढून गळती शोधणारे मेकॅनिक मी डोळ्यांनी पाहिलेत.

माझ्या पेटीत एक फळी आहे. तिच्यावर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवली आहे, आत रंगीत पाणी. घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या एलपीजीचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम धरलेला असतो, म्हणजे नळीतल्या पाण्याच्या दोन पातळ्यांत सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक दिसायला हवा. पाइप गॅसचा दाब २१ मिलिबार, तिथे साधारण २१ सेंटिमीटर. खर्च म्हणाल तर एका वडापावचा. ज्योत बारीक येते म्हणून कोणी बर्नर बदलून देतो, कोणी जेट. ही फळी लावली की अर्ध्या मिनिटात कळतं, दोष रेग्युलेटरचा आहे. पण फळी काढली की गिऱ्हाईक हसतं. कार्ड असतं तर हसलं नसतं, असं मला वाटतं. कदाचित तरीही हसलं असतं.

पाइप गॅस नाशिकच्या नव्या इमारतींत येऊ लागल्यापासून एक नवीनच भानगड सुरू झाली आहे. पाइपातला नैसर्गिक वायू कमी दाबाचा आणि आकारमानाच्या हिशेबाने कमी उष्णता देणारा, म्हणून त्याला जेटचं भोक मोठं लागतं. रीत अशी की जुने जेट काढून पाइप गॅसचे जेट बसवायचे. पुष्कळ जण तसं न करता जुनाच जेट ड्रिलने मोठा करतात. काम भागतं. पुढे तेच भाडेकरू घर सोडतात, शेगडी घेऊन गावी येतात आणि तिला लाल सिलिंडर जोडतात. मग दाब जास्त, भोकही मोठं. ज्योत वीतभर पिवळी उठते, कढईच्या कडेने वर चढते. मोठं केलेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही, जेट नवीनच घालावा लागतो. पिंपळगावच्या एका घरात अशा शेगडीवर फोडणी टाकताना एका वहिनींच्या पदराने पेट घेतला. मागे पाण्याची बादली होती म्हणून हातावर भागलं. ज्याने ड्रिल मारलं तो नाशिकमध्ये आहे, त्याला हे कधीच कळणार नाही.

आता गिझरचं. मी हे पत्र लिहायला घेतलं त्याचं खरं कारण गिझर आहे.

निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, तेव्हा आमच्याकडच्या थंडीचं कौतुक तुम्हाला सांगायला नको. द्राक्षाला शेकोट्या पेटवायची वेळ येते, माणसांना कढत पाणी लागतंच. वीज रात्रीच्या पाळीत, म्हणून गॅस गिझर घरोघर झाले. पाच-सहा हजारांत येतो, पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी. आत काय होतं ते असं: पाण्याच्या दाबाने रबरी डायफ्राम उचलला जातो, तो पिनेला ढकलतो, मायक्रोस्विच लागतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, गॅस सोडते. ‘पेटत नाही’ असा फोन आला की बहुधा सेल उतरलेले असतात, नाहीतर डायफ्राम फाटलेला. ही दोन्ही कामं नवशिकाही करून देतो. न पेटणाऱ्या गिझरची मला काळजी नसते. मी घाबरतो ते बंद बाथरूममध्ये छान पेटणाऱ्या गिझरला.

प्रोपेनला पुरतं जळायला स्वतःच्या साधारण २४ पट हवा लागते, ब्युटेनला ३१ पट. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. चार बाय सहा, आठ फूट उंच अशी आपली बाथरूम घ्या. दार बंद, झरोका बंद. हिशेब मांडला तर आतली सगळी हवा अर्ध्या तासात गिझरलाच लागते. आणि ज्योत बिघडायला सगळी हवा संपावी लागत नाही. थोडा प्राणवायू घटला, वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांत (आम्ही त्यांना पंखे म्हणतो) काजळी साचलेली असली, की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. डोकं जड होतं, पाय गळतात, माणूस कडी काढायला उठतो आणि उठू शकत नाही. दर थंडीत कुठल्या ना कुठल्या शहरातून अशी बातमी येते आणि ‘बाथरूममध्ये गुदमरून’ एवढ्या दोन शब्दांत संपते.

आमच्याच भागातलं एक घर. बंगला नवा, गिझर बाथरूमच्या आत, दाराच्या वर. थंडी येते म्हणून झरोक्याला द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला. तक्रार काय, तर पेटायला वेळ लावतो. मी झाकण उघडलं तर पंख्यांत काजळीचा थर. म्हटलं, दादा, हा मी चालू करून देत नाही. बाहेरच्या भिंतीवर घ्या, पाण्याची लाईन मी ओढून देतो, मजुरी कमी करा हवी तर. ते म्हणाले, “तुम्ही फक्त पेटवून द्या, बाकीचं आमचं आम्ही बघू.” मी सेल काढून त्यांच्या हातात दिले आणि निघालो. म्हातारी आजी ओट्यावर बसलेली होती, ती म्हणाली, “चहा तरी घेऊन जा रे.” थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात बाजारात कळलं, दुसऱ्या एका भोंगेवाल्याने तो चालू करून दिला, मी सांगितलेल्या पैशांपेक्षा कमीत. पुठ्ठा तसाच.

त्या घरात अजून काही झालेलं नाही. पण त्या दिवशी मला माझी जागा कळली. मी ‘बंद ठेवा’ म्हणालो, तो ‘चालवा’ म्हणाला. सरकारच्या, एजन्सीच्या, घरमालकाच्या लेखी दोघांच्या शब्दाला एकच किंमत. किंबहुना त्याच्या शब्दाला जास्त, कारण तो स्वस्त होता.

म्हणून तो छोटा अधिकार. परीक्षा पास झालेल्या मेकॅनिकला एक चिठ्ठी लिहिता यावी: ‘हे उपकरण धोकादायक आहे, अमुक कारणाने बंद ठेवावे’, खाली कार्ड नंबर, तारीख, सही. एक प्रत घरमालकाला, एक गॅस पुरवणाऱ्याला. त्या चिठ्ठीने कोणाला दंड करू नका, पोलीस पाठवू नका. फक्त ती कुठेतरी नोंदली जावी, आणि चिठ्ठी असताना ते उपकरण दुसऱ्या कार्डवाल्याने दोष काढल्याशिवाय चालू केलं तर त्याचं कार्ड जावं. एवढ्याने त्या पुठ्ठ्यावाल्या घरात काम झालं असतं, कारण आपली माणसं तोंडी सांगितलेलं विसरतात, सहीच्या कागदाला मात्र घाबरतात.

ही कल्पना माझी नाही, प्रामाणिकपणे सांगतो. नाशिकरोडच्या एका गिऱ्हाईकाचा मुलगा इंग्लंडात असतो. सुट्टीत आला होता, मी शेगडी साफ करत असताना गप्पा निघाल्या. तिकडे गॅसच्या कामाला हात लावायचा तर कायद्याने नोंदणी लागते. २००९ सालापासून त्या नोंदणीला गॅस सेफ रजिस्टर म्हणतात, त्याआधी दुसरं नाव होतं. मेकॅनिककडे फोटोचं कार्ड असतं, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणतं काम करायची मुभा आहे ते छापलेलं असतं. शेगडीचं येतं पण बॉयलरचं येत नाही, तर तसं दिसतं. धोका दिसला तर तो उपकरणावर सूचनेचं लेबल लावतो. तिथली मजुरीही त्याने सांगितली. ती ऐकून माझ्या हातातला बर्नर निसटला, त्यामुळे ती इथे लिहीत नाही. तिकडचं सगळं आम्हाला नको. कार्डाची मागची बाजू तेवढी हवी.

तुमच्या खात्याला हे नवीन काही उभारावं लागणार नाही. काम करता करता शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. पूर्वीचं शिक्षण मान्य करण्याची ती पद्धत, आरपीएल म्हणतात तिला. गवंड्यांना, सुतारांना ती दिली गेली. आम्हाला द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली, तेव्हा मी सेवा केंद्रात जाऊन यादी बघितली होती. १८ कारागिरी. लोहार आहे, चांभार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, हार करणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. सगळे असायलाच हवेत, कोणाचं नाव काढा असं मी म्हणत नाही. पण अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळणाऱ्या त्या यादीत कुलूपवाला बसतो आणि गॅसवाला बसत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, “काका, लोहार म्हणून भरू का?” मी नको म्हटलं.

पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा मात्र आम्हाला धरतो, हे फार जणांना माहीत नाही. रस्त्यावर वस्तू विकणाराच नव्हे, फिरून लोकांना सेवा देणाराही त्यात पथविक्रेता आहे. तरी पालिकेचा माणूस भोंगा जप्त करायला येतो तेव्हा त्याला मी कायदा सांगितला तर तो म्हणतो, वकील आहेस का. असो.

आमच्यातल्याच काहींना ही परीक्षेची कल्पना पटत नाही, तेही लिहायला हवं. लासलगावच्या बाजारात आम्ही चार-सहा जण चहाला बसतो, तिथे भांडण झालं. एक जण म्हणाला, कार्ड आलं की साहेब आला, साहेब आला की पाकीट आलं. आज फुकट धंदा करतोय, उद्या दर वर्षी नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहू. त्याचं बोलणं खोटं नाही. म्हणून परीक्षा कागदावर नको, हातांची हवी. टेबलावर बिघडवून ठेवलेल्या शेगड्या मांडा, गळती कुठे आहे ती साबणाने शोधायला लावा, दाब मोजायला लावा, एलपीजीची शेगडी पाइप गॅसला करून दाखवायला सांगा, भिंतीवर गिझर टांगा आणि विचारा, हा इथे चालेल का. नळी ओळखता आली पाहिजे: नारंगी सुरक्षा नळी, तिच्यावर आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि बनवल्याची तारीख आहे का, पाच वर्षं होऊन गेली का. शेगडीखालचा आयएसआयचा शिक्का खरा की खोटा, हे त्याच्याखालच्या परवाना क्रमांकावरून मोबाइलवर तपासता येतं, तेही करून दाखवू दे. हे सगळं चार लोकांसमोर झालं तर पाकिटाला जागा उरत नाही. आणि तोंडी प्रश्न मराठीत, हवं तर हिंदीत विचारा. आमच्यात उत्तर प्रदेश, राजस्थानातून आलेली मुलं आहेत, त्यांच्या हातचं कॉकचं काम बघून मी शिकलोय. काहींना सहीपलीकडे लिहिता येत नाही. त्यांना लेखी पेपर दिलात तर चांगले कारागीर नापास होतील आणि पाठांतरवाले पास.

पेठच्या बाजूला गेलो की दुसरंच चित्र दिसतं. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, २०२१ नंतरच्या टप्प्यात पहिली टाकी आणि शेगडीही फुकट मिळू लागली. आता राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. शेगडी पाड्यावर पोचली, हे चांगलंच झालं. पण तिच्यामागे दुरुस्तीवाला पोचला नाही. टाकी संपली की पुढची भरेपर्यंत चुलीवर काम चालतं आणि शेगडी कोपऱ्यात पडून राहते. न वापरलेली शेगडी वापरलेल्यापेक्षा जास्त बिघडते. ग्रीस सुकतं, नॉब जाम होतो, ट्यूबमध्ये झुरळं अंडी घालतात, नळी उंदीर कुरतडतो. ओटा नसतो, म्हणून शेगडी सिलिंडरच्या पातळीला जमिनीवर, आणि शेजारी जळती चूल. मी गेलो की आठ-दहा घरच्या बाया शेगड्या डोक्यावर घेऊन एका अंगणात जमतात. मजुरी म्हणून कोणी नागली देतं, कोणी पन्नास रुपये देतं, कोणी पुढच्या खेपेला म्हणतं. द्राक्षाच्या हंगामात तीच कुटुंबं आमच्या निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत कामाला येतात, छोटी टाकी घेऊन, कापडाच्या आडोशाला. तिथे मला बोलावणारं कोणी नसतं. त्या पाड्यांतल्याच दोन-चार मुलींना हे काम शिकवा. हे मी उगाच चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही. दुपारच्या वेळी घरात बाई एकटी असते. भोंगा ऐकून तिला दार उघडायचं असतं आणि उघडवत नाही. बाईमाणूस पेटी घेऊन आली तर ती अर्ध्या मिनिटात दार उघडेल, आणि गळक्या शेगडीला तेवढाच उशीर कमी.

शेवटचं, आणि हे थांबणारं नाही. सिंहस्थ येतो आहे. २०१५ ला तपोवनातल्या साधुग्रामात मी भट्ट्यांच्या कामाला होतो. अन्नछत्रातली भट्टी म्हणजे घरची शेगडी नव्हे. १९ किलोची निळी टाकी, हाय प्रेशर रेग्युलेटर, ज्याचा दाब आचारी स्वतः चावीने वाढवतो, आणि ज्योत गुडघ्याएवढी. एका रांगेत अशा कितीतरी, वर ताडपत्री, खाली कोरडं गवत. बघितलं तर घरगुती नळ्या भट्टीला जोडलेल्या, टोकाला क्लिपऐवजी बांधणीची तार. आचाऱ्याला सांगितलं तर म्हणतो, काल पण अशीच होती. त्याची चूक नाही. पहाटे चारला पंगतीचं दूध तापलं नाही तर त्याला महंत बोलणार, मी नाही. १९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या मेळ्यात तंबूंना आग लागली आणि सिलिंडर फुटले, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तिथे नशिबाने माणसं वाचली. आपल्याकडे जागा त्याहून चिंचोळी, गोदेच्या दोन्ही काठांना वस्ती चिकटलेली.

तेव्हा परीक्षेची पहिली बॅच सिंहस्थाच्या आधी नाशिकला घ्या. सातपूरच्या आयटीआयचं वर्कशॉप रविवारी रिकामं असतं. परीक्षक आयटीआयचे, एक पाइप गॅस कंपनीचा, एक अग्निशमन दलाचा, बस. बिघडलेल्या शेगड्या, फुटके जेट, फाटके डायफ्राम, उंदरांनी खाल्लेल्या नळ्या आम्ही आणतो. आमच्याकडे त्यांचा तोटा नाही. पास होतील त्यांना साधुग्रामात, बसस्थानकाजवळच्या हॉटेलांत, धर्मशाळांत भट्ट्या तपासायला फिरवा. त्या कामाची मजुरी द्या, पण चिठ्ठीचा अधिकार आधी द्या. तो नसेल तर आम्ही तिथे जाऊन फक्त तार आवळून येऊ, २०१५ सारखी.

जाहीर करताना एक लक्षात ठेवा. आमच्यातले बरेच जण पेपर वाचत नाहीत, आणि तुमच्या वेबसाइटवर तर कोणीच जाणार नाही. परीक्षेची तारीख आणि जागा अर्ध्या मिनिटात बसेल अशी रेकॉर्ड करून पाठवा. आमचे भोंगे निफाडपासून पेठपर्यंत रोज फिरतात, महिनाभर वाजवू. त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक गॅस शेगडी मेकॅनिक,
ता. निफाड, जि. नाशिक